कोपरा किती मोठा? घनकोन आणि अ‍ॅरिस्टॉटलचा चुकलेला हिशेब

आजच्या भागाचं हे लेखी रूप. या वेळी आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे बसमध्ये ऐकताना काही निसटले असतील तर इथे निवांत बघा. जवळ कागद-पेन असेल तर उत्तमच.

प्रश्न साधा आहे. तुमच्या खोलीत दोन भिंती आणि छत जिथे भेटतात, तो कोपरा किती मोठा? "९० अंश" असं लगेच म्हणाल, पण तो झाला दोन भिंतींमधला कोन. अख्खा कोपरा, म्हणजे तीन बाजूंनी बंद झालेली ती जागा, कशी मोजायची? या मापाला म्हणतात घनकोन. अकरावीच्या फिजिक्समध्ये एककांच्या धड्यात 'स्टेरेडियन' हा शब्द येतो, आपण तो पाठ करतो आणि पुढे जातो. आज जरा थांबूया.

मोजायचं कसं?

कोपऱ्याच्या टोकावर डोळा ठेवलाय असं समजा. डोळ्याभोवती १ मीटर त्रिज्येचा काचेचा गोल आहे. समोरची वस्तू त्या काचेचा जेवढा भाग झाकते, तेवढा तिचा घनकोन. १ चौरस मीटर झाकला, तर १ स्टेरेडियन. अख्ख्या गोलाचं पृष्ठफळ ४ पाय, म्हणजे सुमारे १२.५७ चौरस मीटर. म्हणून सगळ्या दिशा मिळून १२.५७ स्टेरेडियन.

सूर्य आणि चंद्र घ्या. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आणि अंतरही सुमारे ४०० पट. म्हणून दोघंही आपल्या काचेच्या गोलाचा जवळपास सारखाच तुकडा झाकतात, साधारण दोन लाखावा हिस्सा. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला बरोब्बर झाकू शकतो तो यामुळेच.

आता खोलीचा कोपरा. खोलीच्या शेजारी, पलीकडे आणि वर तशाच खोल्या रचल्या, तर एका बिंदूभोवती ८ कोपरे येतात आणि फट उरत नाही. म्हणजे एक कोपरा हा पूर्ण गोलाचा आठवा हिस्सा, १.५७ स्टेरेडियन. पुढचा हिशेब सोपा व्हावा म्हणून अंशांत बोलूया. पाय म्हणजे १८० अंश, तर ४ पाय म्हणजे ७२०. पूर्ण गोल ७२०, खोलीचा कोपरा ९०. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला, आणि...

इ.स.पूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं की, एकाच जातीचे नियमित घनाकार वापरून जागा फट न ठेवता भरायची असेल, तर दोनच आकार चालतात: घन आणि पिरॅमिड. इथला पिरॅमिड म्हणजे चार समभुज त्रिकोणांचा चतुष्फलक. घनाचं तर खरंच आहे. पण चतुष्फलकाचं?

बाराव्या शतकात कोर्दोबाचा इब्न रुश्द हा अ‍ॅरिस्टॉटलचा मोठा भाष्यकार. त्याने यासाठी हिशेब दिला. घनाच्या एका कोपऱ्यात तीन काटकोन, आणि एका बिंदूपाशी ८ घन, म्हणजे एकूण २४ काटकोन. चतुष्फलकाच्या टोकाशी ६० अंशांचे तीन कोन, म्हणजे १८० अंश, अर्थात दोन काटकोन. २४ भागिले २, उत्तर १२. म्हणून १२ चतुष्फलक एका बिंदूभोवती चपखल बसतात.

ऐकायला पटतं की नाही? मग हाच नियम दुसरीकडे लावून बघू. १२० अंश कोनाचे तीन पुठ्ठे घ्या आणि टोकं जुळवून टेबलावर ठेवा. बेरीज ३६०, त्यामुळे ते सपाट बसतील. या सपाट 'कोपऱ्या'त चार काटकोन आहेत, म्हणजे इब्न रुश्दच्या नियमाने असे २४ भागिले ४, म्हणजे ६ कोपरे लागायला हवेत. पण टेबलाच्या वर अर्धं जग आणि खाली अर्धं जग, दोनातच काम झालं! म्हणजे पृष्ठांवरच्या कोनांची बेरीज हे घनकोनाचं माप असूच शकत नाही.

मग खरं माप कुठलं?

पृष्ठांवरचे कोन सोडा आणि दोन पृष्ठांच्या मधला कोन बघा. पुस्तक अर्धवट उघडलं की दोन पानांत होतो, तो. कोपऱ्यात असे तीन कोन असतात. त्यांची बेरीज करा आणि १८० वजा करा. झाला घनकोन! खोलीत: ९० + ९० + ९० − १८० = ९०. जुळलं. हा नियम अल्बेर जिरार याने १६२९ साली छापला. त्याच्या आधी १६०३ मध्ये थॉमस हॅरियटलाही तो सापडला होता, पण त्याने प्रसिद्ध केला नाही.

का चालतो हा नियम? संत्रं आठवा. कोपऱ्याची तीन पृष्ठं सगळीकडे वाढवली की त्यातली कुठलीही दोन मिळून गोलातून समोरासमोरच्या दोन फोडी कापतात. फोडीचा कोन ३६० असता तर ती अख्खा गोल, म्हणजे ७२० झाली असती. म्हणून प्रत्येक फोड तिच्या कोनाच्या दुप्पट. अशा जोड्या तीन, फोडी सहा. सगळ्यांची बेरीज म्हणजे तीन कोनांच्या बेरजेची चौपट. या सहा फोडी मिळून सगळा गोल झाकतात, फक्त आपला कोपरा आणि त्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूचा कोपरा तीन-तीनदा मोजला जातो. म्हणजे दोन्हींचे मिळून चार कोपरे जास्तीचे. ७२० अधिक चार कोपरे = बेरजेची चौपट. चारने भागा, झालं.

आता १२ चा निकाल

चतुष्फलकाच्या दोन पृष्ठांत ७०.५३ अंशांचा कोन असतो. त्याची तिप्पट २११.५९, वजा १८०, राहिले ३१.५९. बारा चतुष्फलक मिळून फक्त ३७९ होतात, ७२० पैकी जेमतेम अर्धे! २० चतुष्फलक एका बिंदूभोवती बसवता येतात, तरी ८८ अंशांची जागा रिकामी राहते. आणि २३ तर बसूच शकत नाहीत, कारण बेरीज ७२६ होते.

घरी करून बघायचं असेल तर पुठ्ठ्याचे पाच चतुष्फलक करा आणि एकाच कडेभोवती जोडा. ७०.५३ गुणिले ५ म्हणजे ३५२.६५. सात अंशांची बारीक फट उरते. पुठ्ठा जाड असेल, चिकटपट्टी सैल असेल, तर ती फट दिसणारही नाही आणि वाटेल, बसलं की! म्हणून इथे डोळ्यापेक्षा हिशेबावर विश्वास ठेवायचा.

ही चूक पंधराव्या शतकात रेजिओमोंटेनस या जर्मन गणितज्ञाने पकडली. त्याचं ते हस्तलिखित आज हरवलंय. पण बघा, मधली जवळपास १८०० वर्षं मोठमोठे विद्वान 'हे बरोबर असणारच' असं धरून त्याची कारणं शोधत बसले. इब्न रुश्दला उत्तर आधी मिळालं होतं, हिशेब नंतर जुळवला. असं आजही होतं. फॉरवर्ड आलेला मेसेज आपल्याला आधी पटतो आणि पुरावा आपण मागाहून शोधतो.

आणि विषय संपलेला नाही बरं का. नुसत्या चतुष्फलकांनी जास्तीत जास्त किती जागा भरता येईल, यावर अजून काम चालू आहे. २०१० मध्ये ८५.६३ टक्क्यांची रचना सापडली.

जाता जाता एक काम

चतुष्फलकाला जोडीदार दिला तर? आठ समभुज त्रिकोणांचा अष्टफलक घ्या. त्याच्या पृष्ठांमधला कोन १०९.४७. टोकाशी चार पृष्ठं येतात, म्हणून चार कोनांच्या बेरजेतून ३६० वजा करायचे. आता एका बिंदूभोवती ८ चतुष्फलक आणि ६ अष्टफलक ठेवून बेरीज करा. कॅल्क्युलेटर फोनमध्ये आहेच. उत्तर किती आलं ते आम्हाला कळवा. एवढंच सांगतो, ते बघून अ‍ॅरिस्टॉटललाही थोडं बरं वाटलं असतं.

भेटूया पुढच्या भागात!