माहूरच्या पडद्यावरचा ‘श्री’

माहूरमधल्या लिनक्स संगणकावर ‘श्री रेणुकादेवी’ नीट उमटायचं, तर देवनागरी फाँट हवा. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला ‘लोहित’ हा फाँट डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेज म्हणून मिळतो. पॅकेज म्हणजे नुसती गुंडाळलेली फाइल नव्हे. ते बांधणारा मूळ स्रोताशेजारी ‘डेबियन’ नावाचा फोल्डर ठेवतो. त्यातल्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये नाव, वर्णन आणि सोबत लागणारी इतर पॅकेजं असतात, ‘रूल्स’मध्ये बांधणीची कृती, ‘चेंजलॉग’मध्ये बदलांची नोंद. सर्वांत चिकाटीचं काम ‘कॉपीराइट’चं. प्रत्येक फाइलचा परवाना तपासावा लागतो, आणि बांधणाऱ्याची सचोटी मला तिथेच दिसते. मग ‘लिंटियन’ हे तपासणीचं साधन पॅकेजमधल्या चुका दाखवतं. फाँट बसवायला वापरणाऱ्याला शेवटी एकच आज्ञा द्यावी लागते. मराठी फाँट सांभाळायला आणखी हात हवेत. संगणक शिकणाऱ्या तरुणांनी इकडे जरूर वळावं.