आधाराला मर्यादा, भाड्याला नाही

घरखर्चाच्या वहीत सगळ्यात वरची ओळ घरभाड्याची असते. किराण्यात थोडी काटकसर करता येते, ईदला साधे कपडे घेता येतात, पण भाडे ठरलेल्या तारखेला द्यावेच लागते. मुंब्रा-कौसा असो, ठाण्याची राबोडी असो, कल्याणचा दूधनाका असो की डोंबिवली, अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरात एकच विषय निघतो : आता किती वाढवणार?

भाडे भरायला हातभार लावणाऱ्या काही सवलती आपल्याकडे आहेत. नोकरदाराला घरभाडे भत्ता मिळतो, त्यावर प्राप्तिकरात सूट असते, पुनर्विकासात बिल्डर भाडे देतो. पण या प्रत्येक आधाराला कुठे ना कुठे मर्यादा आहे. भाड्याला मात्र ती नाही. मधला फरक कोण सोसतो, याचा विचार भाडेकरूने तर करावाच, घरमालकानेही करावा.

भत्त्यात मुंबईकर, करात मुंबईबाहेरचे

आधी पगारदारांचे पाहू. सहाव्या वेतन आयोगात मोठ्या शहरांसाठी घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के होता. सातव्या आयोगानंतर केंद्र सरकारने जुलै २०१७ पासून तो २४ टक्क्यांवर आणला. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेल्यावर २७ आणि ५० टक्क्यांवर गेल्यावर पुन्हा ३० टक्के, असे ठरले. केंद्रीय कर्मचाऱ्यांना ३० टक्क्यांचा दर पुन्हा मिळायला जानेवारी २०२४ उजाडले. मूळ वेतन वाढले होते हे खरे, पण टक्केवारी भरून यायला साडेसहा वर्षे लागली. त्या काळात कोणा घरमालकाने भाड्याची टक्केवारी उतरवल्याचे ऐकिवात नाही.

या भत्त्यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली बृहन्मुंबईच्या नागरी समूहात मोडतात, म्हणून इथल्या कर्मचाऱ्याला मुंबईचाच दर मिळतो. प्राप्तिकराचा हिशेब मात्र वेगळा आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमात तीन रकमांपैकी जी सर्वांत कमी, तेवढीच करमुक्त धरतात : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भरलेल्या भाड्यातून पगाराचा १० टक्के भाग वजा करून उरलेली रक्कम, आणि पगाराचा ठरावीक हिस्सा. हा हिस्सा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत ५० टक्के, इतरत्र ४० टक्के. घर कुठे आहे ते इथे पाहिले जाते, कचेरी कुठे आहे ते नाही.

एक उदाहरण घेऊ. एकाचा पगार (मूळ वेतन) महिना ६०,००० रुपये, घरभाडे भत्ता ३०,००० आणि भाडे ३५,००० आहे. घर मुलुंडला असेल तर २९,००० रुपये करमुक्त. तेच घर चेकनाका ओलांडून ठाण्यात असेल तर २४,०००. महिन्याला पाच हजारांचा, वर्षाला साठ हजारांचा फरक, आणि तो फक्त हद्दीच्या रेषेमुळे.

शिवाय ही सूट जुन्या करप्रणालीतच आहे. नव्या प्रणालीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, घरभाड्याची सूटच नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराच्या १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, त्यामुळे अनेक कुटुंबांना हा तोटा जाणवत नाही. त्याच्या वर गेलेल्या भाडेकरूने मात्र दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडूनच निवड करावी.

ज्यांना भत्ताच नाही

आपल्या वस्त्यांतले बहुतेक लोक या हिशेबात बसतच नाहीत. रिक्षाचालक, शिवणकाम करणारे, दुकानातले कामगार, एकरकमी पगारावरचे खासगी शाळेतले शिक्षक यांच्या पगारपत्रकात घरभाडे भत्ता नावाचा रकानाच नसतो. भत्ता न मिळणाऱ्यांसाठी जुन्या प्रणालीत कलम ८०जीजी आहे. पण तिथली कमाल वजावट महिन्याला ५,००० रुपये. २०१६ च्या अर्थसंकल्पात ती २,००० वरून ५,००० झाली आणि तिथेच थांबली. पाच हजारांत आज कोणत्या स्टेशनजवळ घर मिळते, ते वाचकांनीच सांगावे. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला तर याचा उपयोग शून्य.

गरिबांना भाड्याचा आधार मिळतो तो बहुधा पुनर्विकासात. झोपडी किंवा जुनी इमारत पाडली की नवे घर मिळेपर्यंत बिल्डर भाडे देतो. काम रखडले की हे भाडे थांबते आणि कुटुंब दुहेरी अडचणीत येते : जुने घर गेलेले, नवे उभे राहिलेले नाही, आणि ज्या तिऱ्हाइताच्या घरात राहतात तो भाडे मागतो. अशा तक्रारी वाढल्यावर मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये विकासकांना दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखांचे धनादेश देण्याची अट घातली. ठाण्यात क्लस्टर योजनेत जाणाऱ्या रहिवाशांनीही करारावर सही करण्यापूर्वी विचारावे : भाडे किती वर्षांचे, दरवर्षी वाढणार का, आणि थांबले तर दाद कुठे मागायची?

सरकारने स्वतः भाड्याची घरे बांधण्याचा प्रयत्नही केला. एमएमआरडीएने २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे त्यातली बरीच घरे प्रकल्पबाधितांसाठी आणि धोकादायक इमारतींतून हलवलेल्या कुटुंबांसाठी वापरली गेली. कमी उत्पन्नाच्या सामान्य भाडेकरूला खासगी घरमालकाशिवाय वाली राहिला नाही.

ब्रिटनमध्ये काय झाले

आधाराची मर्यादा कमी केली की भाडे आपोआप उतरेल, असे काही जण म्हणतात. ब्रिटनमध्ये याची मोठी परीक्षा झाली. तिथे कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला सरकार घरभाड्यासाठी मदत देते. खासगी घरांसाठीची ही मदत त्या भागातल्या मधल्या भाड्याइतकी असे, म्हणजे निम्मी घरे तेवढ्यात बसत. एप्रिल २०११ पासून ती उतरवली : शंभरातली सर्वांत स्वस्त तीस घरेच बसतील एवढी, आणि वर खोल्यांनुसार कमाल रक्कम. पुढे २०१६ पासून चार वर्षे ती गोठवलीही.

सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासात उत्तर मिळाले. कपातीच्या दहा भागांतले सुमारे नऊ भाग भाडेकरूंच्या अंगावर पडले, घरमालकांच्या वाट्याला जेमतेम एक आला. भाडी उतरली नाहीत. काही घरमालकांनी मदतीवर जगणाऱ्यांना घर द्यायचेच नाही असा पवित्रा घेतला. असा सरसकट नकार बेकायदा भेदभाव आहे, असा निर्णय २०२० मध्ये यॉर्कच्या न्यायालयाला द्यावा लागला.

आपल्याकडे तशी सरकारी मदत नाही, पण धडा तोच आहे. घर सोडून जायला दुसरी जागाच नसेल तर भाडेकरूला घासाघीस करता येत नाही. डोंबिवली-ठाण्याच्या काही सोसायट्यांत मुस्लिम कुटुंबाला नाव ऐकताच नकार मिळतो. त्यामुळे निवड आणखी अरुंद होते आणि मोजक्या वस्त्यांतली मागणी चढती राहते. मग कुटुंब पैसे वाचवते ते घराच्या दर्जात. कोणी टिटवाळा, बदलापूर, वांगणीकडे सरकते, कोणी परवानगी नसलेल्या स्वस्त इमारतीत जाते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ जण दगावले. बांधकाम चालू असतानाच लोक तिथे राहायला आले होते.

मुलांचेही नुकसान होते. शाळेचे वर्ष जून ते मे, करार अकरा महिन्यांचा. दोन्ही एकत्र संपतीलच असे नाही. दिवाळीनंतर दाखला मागायला येणारे पालक दरवर्षी भेटतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले : घर बदलले. नव्या शाळेत त्या मुलाला उरलेल्या अभ्यासक्रमात पाय रोवायला महिने जातात.

भाडेच गोठवले तर?

तोही मार्ग आपण पाहिला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० च्या पातळीवरचे भाडे बांधून ठेवले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण घरमालकाला दुरुस्तीपुरतेही पैसे उरले नाहीत, इमारती खचल्या आणि पागडी फोफावली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी कालबाह्य झाल्याचे म्हटले आणि १९९९ चा नवा कायदा आला. त्यात जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढ ठेवली आहे. भाडे मुळीच वाढू न देणे आणि वाटेल तसे वाढू देणे, दोन्ही टोके घातक.

घरमालकही अडचणीत

आपल्याकडचा घरमालक म्हणजे दरवेळी मोठा सावकार नसतो. आखाती देशात राबून दुसरी खोली घेतलेला भाऊ असतो, भाड्यावर घर चालवणारी विधवा बहीण असते. भाडेकरूचा आधार आटला की आधी भाडे लांबते, मग डिपॉझिटमधून वळते होते, शेवटी भांडण होते.

यात काहींचे अज्ञान भर घालते. वर्षाचे भाडे एक लाखावर असेल तर सूट घेणाऱ्या भाडेकरूला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो द्यायचा नाही म्हणून कागदच करायचा नाही, असे अनेक जण ठरवतात. प्रत्यक्षात भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर आणि उरलेल्याच्या ३० टक्के रक्कम वजा होते. महिना १२,००० भाडे म्हणजे वर्षाला १,४४,०००. नुसती ३० टक्के वजावट धरली तरी करपात्र रक्कम १,००,८०० राहते. दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर कर शून्य.

कागद न करण्याचा धोका मात्र मोठा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. उलट नोंदणी असेल तर मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडे मागता येते.

हेवी डिपॉझिटचा मोह

महिन्याचे भाडे नको म्हणून अनेक कुटुंबे काही लाखांचे हेवी डिपॉझिट देऊन राहतात. यात भाड्याची पावती नाही, म्हणून करसूट नाही. घरमालकाने ती रक्कम दुसरीकडे गुंतवली किंवा खर्चून टाकली की परत मिळणे कठीण. कर्जाऊ रकमेच्या बदल्यात घराचा फुकट वापर, म्हणून अनेक उलेमा याला व्याजाचाच प्रकार मानतात. दागिने मोडून अशी रक्कम देण्याआधी दहादा विचार करावा.

आपल्या हातात काय आहे

१. करार नोंदवा. १२,००० भाडे आणि ५०,००० डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क साधारण साडेतीनशे रुपये आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचा मेहनताना वेगळा.

२. अकरा महिन्यांचाच हट्ट नको. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. दोन-तीन वर्षांचा करार करून दरवर्षीची वाढ आधीच लिहून ठेवा. भाडेकरूच्या मुलांची शाळा टिकते, घरमालकाची खोली रिकामी पडत नाही.

३. भाडे बँकेतून द्या किंवा दर महिन्याची पावती घ्या.

४. डिपॉझिट कधी आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळेल ते करारात लिहा. ते घरमालकाकडची अमानत आहे.

५. घर घेण्याआधी इमारत धोकादायक किंवा अनधिकृत यादीत आहे का, ते महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारा.

देवघेव लिहून ठेवण्याची ताकीद देणारी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे आपण जाणतोच. ओळखीच्या माणसाकडून कागद कसा मागायचा, हा संकोच सोडायला तेवढे कारण पुरेसे आहे.

सरकारकडे मागण्याच्याही गोष्टी आहेत : ठाणे-कल्याणला करातही मुंबईचा दर, पाच हजारांच्या मर्यादेचा फेरविचार, आणि पुनर्विकासातल्या भाड्याची सर्वत्र आगाऊ हमी. लोकप्रतिनिधी दारात येतील तेव्हा रस्ते आणि पाण्याबरोबर हे तीन प्रश्नही त्यांना विचारावेत.