ओव्हरड्राइव्ह दंतचक्र

मोटारगाडीच्या प्रेषण यंत्रणेतील ज्या दंतचक्र जोडणीत दंतचक्रपेटीतून बाहेर पडणारा दंड एंजिनाच्या भुजादंडापेक्षा अधिक वेगाने फिरतो, त्या जोडणीस ओव्हरड्राइव्ह म्हणतात. एंजिनाच्या फेऱ्यांना बाहेर पडणाऱ्या दंडाच्या फेऱ्यांनी भागले असता जी संख्या येते, ती त्या दंतचक्राचे गुणोत्तर होय. पहिल्या गतीचे गुणोत्तर सामान्यतः अडीच ते चार असते. दोन्ही दंड एकाच वेगाने फिरत असल्यास ते १.०० असते व अशा जोडणीस थेट गती म्हणतात. ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर १.०० पेक्षा कमी, बहुधा ०.५० ते ०.८५ यांदरम्यान असते.

मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीस चार गती होत्या व चौथी गती थेट होती. सु. ४० अश्वशक्तीच्या एंजिनास सपाट रस्त्यावर ८० ते ९० किमी. वेगाने जाण्यासाठीच आपल्या शक्तीचा मोठा भाग खर्च करावा लागे. त्यामुळे त्याहून उंच गतीचा उपयोग नव्हता. शक्तिमान स्पोर्ट्‌स मोटारगाडीची स्थिती याच्या उलट असते. तिच्या शक्तीचा अल्प अंशच नेहमीच्या प्रवासात वापरला जातो. म्हणून ओव्हरड्राइव्हची निवड गाडीच्या कमाल वेगावरून न करता, ती प्रत्यक्षात ज्या वेगाने व ज्या चढावर चालावयाची आहे त्यावरून करणे योग्य ठरते.

प्रारंभीची योजना : आरंभी ओव्हरड्राइव्ह ही दंतचक्रपेटीच्या मागे बसविलेली स्वतंत्र ग्रहीय दंतचक्रमाला असे. ब्रिटिश अभियंते एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या रचनेवर आधारलेले लेकॉक कंपनीचे असे साधन १९४८ पासून मोटारगाड्यांवर बसविले जाऊ लागले. विजेच्या बटणाने ते चालू वा बंद करता येई. पुढे पाच व सहा गतींच्या पेट्या प्रचारात आल्यावर ओव्हरड्राइव्हची दंतचक्रे पेटीतच समाविष्ट झाली. पेटीच्या रूढ रचनेत थेट गतीत आत येणारा व बाहेर जाणारा दंड एकमेकांस जोडले जातात व भार दातांवरून जात नाही. ओव्हरड्राइव्हमध्ये मात्र शक्ती मध्यदंडावरून, म्हणजे दातांच्या दोन जोड्यांतून जाते. त्यामुळे थोडी शक्ती घर्षणात वाया जाते. पण एंजिनाचे फेरे घटल्याने होणारी बचत या हानीपेक्षा सामान्यतः पुष्कळच अधिक असते.

इंधनबचतीचे कारण : हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर चाकांचा लोटण-रोध जवळजवळ स्थिर राहतो. उदाहरणार्थ, चालकासह १,५०० किग्रॅ. वस्तुमान, २ चौ. मी. पुढील क्षेत्रफळ, ०.३० हवारोध गुणांक आणि ०.०१२ लोटण-रोध गुणांक असलेल्या गाडीस ताशी १२० किमी. वेगाने सपाट रस्त्यावर जाण्यास सु. ५६० न्यूटन प्रेरणा, म्हणजे सु. २५ अश्वशक्ती पुरते. एंजिन ३४५ अश्वशक्तीचे असल्यास हा भाग सु. सात टक्केच होतो. इतक्या अल्प भारावर पेट्रोल एंजिनाची नियंत्रक झडप जवळजवळ मिटलेली असते व दट्ट्यांना हवा ओढून घेण्यासाठीच बरेच कार्य करावे लागते. फेरे कमी केल्यास तीच शक्ती मिळविण्यासाठी झडप अधिक उघडावी लागते; त्यामुळे ही हानी घटते, अंतर्गत घर्षण घटते आणि आवाज व झीजही कमी होतात.

गुणोत्तर व रस्ता : ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. आसनगावाजवळून जाणारा जुना मुंबई–आग्रा रस्ता पुढे कसारा (थळ) घाटाने सह्याद्री चढतो. याच तालुक्यातून नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गही जातो. ७०१ किमी. लांबीच्या या मार्गाचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा ७६ किमी.चा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर मोटारगाड्यांसाठी सपाट भागात ताशी १२० किमी. व घाटभागात १०० किमी. अशी वेगमर्यादा ठेवण्यात आली. आसनगावहून निघालेल्या गाडीस तासाभराच्या आत दीर्घ, समवेगी धाव आणि चढ या दोहोंस तोंड द्यावे लागते.

वरील गाडीच्या चाकाचा परीघ २.१० मी. व मागील आसाचे अंतिम गुणोत्तर ३.४२ मानले, तर ताशी १२० किमी. वेगास एंजिनाचे दर मिनिटास फेरे आणि एंजिनाने द्यावयाचे फिरविणारे परिबल (न्यूटन मीटरमध्ये) पुढीलप्रमाणे येतात. प्रेषणातील हानी येथे वगळली आहे. चढ २५ मध्ये १ असा उदाहरणादाखल घेतला आहे.

गुणोत्तर १.०० : फेरे ३,२६०, सपाटीवर परिबल ५५, चढावर ११२
गुणोत्तर ०.८० : फेरे २,६१०; सपाटीवर परिबल ६८; चढावर १४०
गुणोत्तर ०.६३ : फेरे २,०५०, सपाटीवर परिबल ८७, चढावर १७८
गुणोत्तर ०.५० : फेरे १,६३०, सपाटीवर परिबल १०९, चढावर २२४

यावरून असे दिसते की, गुणोत्तर जितके लहान तितके फेरे कमी होतात, पण लागणारे परिबल त्याच प्रमाणात वाढते. आणि हे परिबल एंजिनाने कमी फेऱ्यांस द्यावयाचे असते. पाच ते सहा लिटर धारणेचे आठ सिलिंडरी एंजिन १,६३० फेऱ्यांस ३०० न्यूटन मीटरपेक्षा अधिक परिबल देऊ शकते, त्यास ०.५० हे गुणोत्तर चढावरही पेलते. याउलट दोन लिटर धारणेचे, उच्च फेऱ्यांस कमाल शक्ती देणारे व हवा दाबून न भरणारे एंजिन तेवढ्याच फेऱ्यांस सु. १५० न्यूटन मीटर देते. सपाटीवर ते कसेबसे चालेल. पण चढ लागताच वेग पडू लागेल व चालकास खालची गती घ्यावी लागेल. अशा एंजिनास ०.८० च्या आसपासचे गुणोत्तर योग्य होय. दोन्ही एंजिनांची कमाल अश्वशक्ती जवळपास असली तरी हा फरक राहतो; म्हणून निवडीत कमाल शक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवरील परिबलास महत्त्व द्यावे लागते.

कमाल वेग व पायऱ्या : शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन गाडीच्या १९९७ मधील आवृत्तीत सहा गतींची गुणोत्तरे २.६६, १.७८, १.३०, १.००, ०.७४ व ०.५० आणि अंतिम गुणोत्तर ३.४२ होते. तिचा ताशी सु. २८० किमी. हा कमाल वेग पाचव्या गतीत मिळे. त्या वेगास एंजिनाचे सु. ५,५५० फेरे होत व त्याच सुमारास एंजिन कमाल शक्ती देई. सहाव्या गतीत त्याच वेगास फेरे सु. ३,७५० च भरत व तेथे पुरेशी शक्ती उपलब्ध नसे. म्हणजे पाचवी गती वेगासाठी आणि सहावी केवळ दूरच्या प्रवासासाठी योजलेली होती.

लगतच्या गतींमधील अंतरही पाहावे लागते. वरील गाडीत पहिलीतून दुसरीत जाताना फेरे ३३ टक्क्यांनी, दुसरीतून तिसरीत २७ व तिसरीतून चौथीत २३ टक्क्यांनी घटतात. वेगाबरोबर हवेचा रोध वाढत असल्याने पायऱ्या अशा क्रमाने लहान होत जाणे इष्ट असते. त्यानंतर मात्र चौथी ते पाचवी २६ व पाचवी ते सहावी ३२ टक्के अशी पायरी पुन्हा मोठी होते. एवढ्या पायरीनंतर एंजिनात पुरेसा जोर उरत नसल्यास शेवटची गती क्वचितच वापरली जाते. ०.८० व ०.६३ ही जोडी घेतल्यास या पायऱ्या २० व २१ टक्क्यांवर येतात.

अंतिम गुणोत्तराशी संबंध : ओव्हरड्राइव्हच्या आकड्यास स्वतंत्र अर्थ नसतो, अंतिम गुणोत्तर व चाकाचा परीघ यांसह तो पाहावा लागतो. ४.१० अंतिम गुणोत्तरासह ०.५० आणि ३.२७ सह ०.६३ यांचे एकूण गुणोत्तर जवळजवळ समान, सु. २.०५ येते. तथापि पहिल्या योजनेत खालच्या सर्व गती अधिक जोरदार होतात. तसेच दंतचक्रपेटी एंजिनामागे असल्यास चालक दंड ओव्हरड्राइव्हमध्ये एंजिनापेक्षा वेगाने फिरतो. ०.७४ गुणोत्तरात ५,५०० फेऱ्यांस त्याचे फेरे ७,४०० हून अधिक होतात. लांब दंड विशिष्ट वेगास वाकून कंप पावू लागतो व हा क्रांतिक वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दंड दोन तुकड्यांत विभागावा लागतो किंवा अधिक व्यासाचा घ्यावा लागतो. कॉर्व्हेटमध्ये पेटी मागील आसाशी जोडलेली असल्याने तिचा चालक दंड एंजिनाच्याच वेगाने फिरे.

अयोग्य निवडीचे परिणाम : गुणोत्तर फार लहान ठेवल्यास एंजिन कमी फेऱ्यांवर पूर्ण भाराखाली ओढले जाते. त्यामुळे ठोका पडण्याची शक्यता वाढते, परिबलातील चढउतार दंतचक्रांपर्यंत पोहोचून खडखडाट होतो आणि पुढे जाण्यासाठी आवश्यक तेव्हा गाडी उसळी घेत नाही. दुहेरी वस्तुमानाच्या प्रचक्राने हे कंप कमी होतात; पण परिबलाची उणीव त्याने भरून निघत नाही.

उतारावर हा प्रश्न सुरक्षिततेचा होतो. इगतपुरीकडून कोकणात उतरताना गाडी सु. ५०० मी. खाली येते. १,५०० किग्रॅ. वस्तुमानाच्या गाडीची या उतरणीत सु. ७४ लाख जूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. रस्ता व हवा यांच्या रोधाने जो भाग शोषला जात नाही तो एंजिनाने किंवा रोधकांनी उष्णतेच्या रूपाने घ्यावयाचा असतो. एंजिनाच्या आतील रोध समान धरला तरी १.३० च्या तिसऱ्या गतीत तो चाकांपाशी ०.५० च्या सहाव्या गतीच्या २.६ पट जाणवतो. शिवाय फेरे वाढल्याने तो आणखी वाढतो. म्हणून घाट उतरताना ओव्हरड्राइव्ह न वापरता खालची गती घेणे आवश्यक असते. अन्यथा रोधक तापून त्यांची पकड कमी होते.

निवडीचा क्रम : प्रथम नेहमीचा प्रवासवेग व चाकाचा परीघ निश्चित करतात. नंतर एंजिन ज्या किमान फेऱ्यांवर कंपरहित चालते ते फेरे, त्या फेऱ्यांवरील परिबल आणि अपेक्षित चढावर लागणारे परिबल यांची तुलना करून, चढावरही काही जोर शिल्लक राहील असे सर्वांत लहान एकूण गुणोत्तर ठरवितात. शेवटी ते अंतिम गुणोत्तर व ओव्हरड्राइव्ह यांत विभागून पायऱ्या, दातांचे बळ आणि चालक दंडाचा वेग तपासतात. आठ ते दहा गतींच्या स्वयंचलित पेट्यांत अनेक ओव्हरड्राइव्ह गती ठेवता येतात व त्यांतील निवड यंत्रणा स्वतः करते. हाताने बदलावयाच्या पेटीत गतींची संख्या बहुधा सहापर्यंतच मर्यादित राहत असल्याने एकेका गुणोत्तराच्या निवडीस अधिक महत्त्व येते.