दोन टोपल्यांपुरती जागा

आईबरोबर तुम्ही आठवड्याच्या बाजाराला जाताच. आमच्या ओरोसच्या आसपासचे बाजार बघा ना! कुणापुढे तांबड्या माठाच्या जुड्या, कुणापुढे सोलं, तर कुणापुढे बांगड्यांची टोपली. आणि विकायला बसलेल्या कितीतरी बायका!

परवा अशाच एका बाजारात भाजीवाल्या मावशींना मी माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. त्यांनी घोटभरच घेतलं. म्हणाल्या, "नको बाईनू, जास्त पियालंय तर जातलंय खंय?" खरंच की! त्या बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. पहाटे घर सोडलेल्या मावशी दुपारपर्यंत तहान मारून बसतात.

त्यांच्या कमरेच्या पिशवीत एक चिटोरी होती. बाजार फीची पावती! बाजारात बसणाऱ्यांकडून ग्रामपंचायत अशी फी घेते. म्हणजे मावशी काही फुकट बसत नाहीत. मग पाणी, सावली, झाडलोट, स्वच्छतागृह मागायला लाजायचं कशाला? पण एकटीचा आवाज लहान पडतो.

अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्यांना हे पटलं. त्यांना पोलीस उठवायचे, दंड करायचे. इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना सुरू केली. भाजीवाल्या तिच्यात आल्या. मागणी केवढी? दोन टोपल्यांपुरती जागा! त्यासाठी त्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या.

२०१४ साली पथविक्रेत्यांसाठी देशाचा कायदा झाला. शहराच्या पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात.

हे झालं शहरांचं. गावात काय? गावात ग्रामसभा आहे! आपल्या राज्यात तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे हा विषय मांडता येतो. बाजार दुसऱ्या गावचा असेल, तर सगळ्या विक्रेत्यांनी मिळून तिथल्या ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यावी.

आणि इथे तुमचं काम! पुढच्या बाजारी वही घेऊन जा. नळ किती, सावली कुठे, स्वच्छतागृह आहे का, त्याला कडी आहे का, सगळं टिपा. एखाद्या मावशींना लिहिता येत नसेल, तर अर्ज सुवाच्य अक्षरात तुम्ही लिहून द्या. सह्या-अंगठे त्या करतील.

ज्या दिवशी मावशी बाजारात बसून पोटभर पाणी पितील, त्या दिवशी तुमच्या त्या निबंधाला पैकीच्या पैकी गुण!