लॅपटॉप घेताय? मग हे विचाराच!

मैत्रिणींनो, आमचा 2013 चा लॅपटॉप रखडू लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने पाठचे स्क्रू काढून रॅमची पट्टी वाढवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. लेकीची बारावी त्यावरच पार पडली! तिच्या कॉलेजसाठी हौसेनं घेतलेला नवा मात्र दोन वर्षांतच अडखळतोय. "ताई, रॅम बोर्डालाच सोल्डर केलीय, वाढवता येणार नाही." झालं!

2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम अशीच पक्की बसवलेली होती. पुढे पातळपणापायी इतर कंपन्यांच्याही कितीतरी लॅपटॉपांची तीच तऱ्हा झाली. म्हणजे 8 जीबी घेतली की कायमची 8 जीबीच.

दुकानदार रंग नि वजन कौतुकानं सांगेल. तुम्ही मात्र "रॅमला स्लॉट आहे का?" असं विचारायला लाजू नका. बॅटरी चिकटवलेली की स्क्रूची, तेही विचारा.