जन्माचा दाखला हरवला तर

मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला आहे. तिकडच्या कचेरीनं जन्माचा दाखला मागितला आहे. घरातली ट्रंक तीनदा उपसून झाली, पण दाखला काही सापडत नाही. अशा वेळी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हरवली ती नक्कल. मूळ नोंद सरकारी नोंदवहीत असते आणि तिची नक्कल पुन्हा मागता येते.

प्रश्न एवढाच, की ही वही आहे कुठं? इथंच पुष्कळांची गफलत होते. तुम्ही राहता कुठं, तुमची शेतीवाडी कुठं, याच्याशी त्या नोंदीचा संबंध नाही. मूल जिथं जन्मलं, तिथंच त्याची नोंद होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत. मग वडिलांच्या गावची पंचायत पालथी घालून उपयोग काय? नोंद आजोळी! बरं, आजोळ खेड्यात, पण बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालेलं, तर नोंद त्या शहराच्या नगरपालिकेत. म्हणून कचेरीची पायरी चढण्यापूर्वी आजीला किंवा मामाला विचारा : जन्म नेमका कुठं झाला?

ठिकाण कळलं की तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे अर्ज करा. खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत. अर्जात आईवडिलांची पूर्ण नावं, जन्मतारीख आणि ठिकाण लिहा. तारीख पक्की ठाऊक नसली, तर अदमासानं वर्ष सांगा. शोधाची फी भरून नोंद शोधून घेता येते. अर्जाची पोच मात्र आठवणीनं घ्या. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली झाला, तेव्हापासून ती पोच तुमच्या हातातला मोठा आधार आहे.

नक्कल हाती आली आणि नावाची जागा कोरी दिसली, तर घाबरू नका. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. बारशाआधीच ती दिली असेल, तर नाव लिहिणार कुठून? नोंदीपासून एक वर्षापर्यंत नाव फुकट घालता येतं, आणि पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. चूक असेल तर ती निबंधकाकडूनच दुरुस्त करून घ्या. मूळ मजकूर तसाच ठेवून तो समासात दुरुस्ती नोंदवतो. आपल्या पेनानं दाखल्यावर एक अक्षरही गिरवू नका.

जन्म जुना असेल तर? १९६९ चा नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या गावच्या नोंदवह्यांसाठी तहसील कचेरीच्या दप्तरखान्यातही चौकशी करावी. फार जुन्या काही नोंदी मोडीत असतात; त्या वाचायला जाणकार लागतो.

एवढं करूनही नोंद नाहीच सापडली, तर तसा लेखी दाखला मागून घ्या. जन्माला वर्ष उलटून गेल्यावर नवी नोंद करायची, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. पण हा शेवटचा उपाय. जुनी नोंद असताना घाईनं दुसरी करू नका. एका माणसाच्या दोन जन्मतारखा झाल्या, तर त्या निस्तरता निस्तरता पुरेवाट होते.

घरात लहान मूल असेल, तर आजच सावध व्हा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि कचेरीचं नाव घरच्या वहीत उतरून ठेवा. कागद वाळवीनं खाल्ला तरी एवढ्या एका ओळीवरून नोंद सापडेल.