अपघाताचा दावा आणि डॉक्टरांचा दाखला

“डॉक्टरसाहेब, कोर्टात काय सांगू?” मांडीचे हाड मोडलेला एक गवंडी परवा विचारीत होता. म्हटले, “आधी कागद दाखवा.” पिशवीतून एक्स-रे निघाले, औषधांच्या पावत्या मात्र निम्म्या गहाळ! दावा वेळेत दाखल झाला होता, हे नशीब. एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे.

मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे मी अनेकदा साक्ष दिली आहे. नुसता दाखला तेथे पुरत नाही. अपंगत्व पायाचे की सर्व शरीराचे, हे वकील हमखास विचारतात. दोन्ही टक्के वेगळे असतात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की डावा हात गेला तरी सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची कमाई मात्र जवळजवळ सगळीच बुडते. म्हणून कोणते काम आता होत नाही, ते नेमके सांगावे.

या गृहस्थांना परातीवर चढता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. वर्षभरात त्यांनी ते सांगितले नाही, मीही विचारले नाही. माझ्या केसपेपरवर एकच शब्द : ‘चालतो’.

त्यांना पुन्हा टेबलावर घेतले आणि गुडघा किती वाकतो ते मोजू लागलो.